ट्रेव्हर नोआ आणि सोवेटोतलं बालपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकपात्री शिकायला येणाऱ्या मुलांना मी दक्षिण आफ्रिकेचा विनोदवीर ट्रेव्हर नोआ याचे प्रयोग आवर्जून दाखवते. बघताना सगळी पोट धरून हसतात, आणि संपलं की प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. आईने हात का सोडला? बाप का पळाला? कलर्ड म्हणजे काय? तेच ते प्रश्न इतक्या वेळा आले, की एकदा नीट बसून उत्तरं लिहून काढली. दक्षिण आफ्रिकेचा इतिहास ठाऊक नसताना हे प्रयोग बघितले तर हसू येतंच, पण अर्धंच येतं. उरलेलं अर्धं कायद्याच्या कलमांत दडलेलं आहे.

हा ट्रेव्हर नोआ कोण, आणि आपण नेमक्या कुठल्या प्रयोगाबद्दल बोलतोय?

जन्म २० फेब्रुवारी १९८४, जोहान्सबर्ग. आई पॅट्रिशिया नोम्बुयिसेलो नोआ, खोसा समाजातली काळी बाई. वडील रॉबर्ट, स्वित्झर्लंडचे, जर्मन बोलणारे, गोरे. रेडिओ, टीव्ही, छोट्यामोठ्या भूमिका असं करत तो स्टँड-अपकडे आला आणि २००९ मध्ये ‘द डेवॉकर’ हा त्याचा पहिला स्वतंत्र, एकट्याचा प्रयोग जोहान्सबर्गला झाला. त्या प्रयोगाच्या तयारीवर डेव्हिड पॉल मेयर या दिग्दर्शकाने केलेला माहितीपट २०११ मध्ये आला. एवढ्या कमी अनुभवावर अख्ख्या संध्याकाळचा प्रयोग लावायची याची हिंमत कशी झाली, अशी कुरबुर तिथल्या काही जुन्या विनोदवीरांत होती. तीही त्यात दिसते.

पुढे २०१२ मध्ये एडिंबराच्या फ्रिंज महोत्सवात ‘द रेसिस्ट’, २०१३ मध्ये ‘आफ्रिकन अमेरिकन’, २०१८ मध्ये ‘सन ऑफ पॅट्रिशिया’. मधल्या काळात, २०१५ पासून २०२२ पर्यंत, तो अमेरिकेत ‘द डेली शो’ या बातम्यांवरच्या विनोदी टीव्ही कार्यक्रमाचा सूत्रधार होता आणि जगाला ठाऊक झाला तो त्यामुळे. पण मला विचाराल तर त्याचं खरं भांडवल बालपण. प्रयोग बदलले, देश बदलले, तरी तो पुन्हा पुन्हा त्याच अंगणात येतो. २०१६ मध्ये ‘बॉर्न अ क्राइम’ हे आत्मकथन आलं आणि रंगमंचावर पाच मिनिटांत उडवलेल्या प्रसंगांमागे काय काय होतं ते तिथे उलगडलं. खालच्या उत्तरांत मी प्रयोग आणि आत्मकथन या दोन्हींचा आधार घेतला आहे.

‘जन्मच गुन्हा’ हे जरा वाढवून सांगितलेलं आहे का?

नाही. १९२७ साली तिथे ‘इम्मोरॅलिटी ॲक्ट’, म्हणजे अनैतिकतेचा कायदा, आला. गोरा आणि काळा यांच्यात लग्नाबाहेर शरीरसंबंध आला तर पुरुषाला पाच वर्षांपर्यंत आणि बाईला चार वर्षांपर्यंत कैद. मग लग्न केलं तर चालेल का? तीही वाट १९४९ च्या कायद्याने बंद झाली. १९५० मध्ये जुना कायदा ताणून सगळ्या गोरेतरांना लावला. पोलीस घरांत शिरून अंथरुणं तपासत. कायदा मोडल्याचा पुरावा मात्र सहसा सापडत नाही, कारण दार बंद असतं. मूल झालं की पुरावा चालायला लागतो.

आपल्याकडे पोलिसांच्या पंचनाम्यात एक शब्द असतो, मुद्देमाल. ट्रेव्हर हा त्या गुन्ह्याचा मुद्देमाल होता. दोन पायांवर धावणारा, मोठ्याने हाका मारणारा मुद्देमाल. ही एक गोष्ट लक्षात ठेवून प्रयोग बघा, पुढचे निम्मे प्रश्न पडणारच नाहीत.

पण तो कायदा १९८५ मध्ये रद्द झाला ना? तेव्हा ट्रेव्हर एक वर्षाचा होता. मग लपवाछपवी कशासाठी?

फार चांगला प्रश्न, आणि हा विचारणारे नेहमी वही घेऊन बसलेले असतात. १९८५ मध्ये शरीरसंबंध आणि लग्न यांवरची बंदी उठली, हे खरं. पण कुठल्या वंशाच्या माणसाने शहराच्या कुठल्या भागात राहायचं हे ठरवणारा १९५० चा कायदा १९९१ पर्यंत होता. माणसाची वंशावर नोंद करणारा कायदाही १९९१ पर्यंत होता. काळ्या माणसाने खिशात पास, म्हणजे शहरात वावरायचा परवाना, बाळगायची सक्ती १९८६ पर्यंत होती. त्याच वर्षी देशभर आणीबाणी पुकारली गेली आणि पोलिसांना मोकळं रान मिळालं.

म्हणजे आई शहरात फ्लॅट घेऊन राहते हे बेकायदा, आणि तिच्या आईच्या वस्तीत या रंगाचं पोर सांभाळलं जातंय हेही बेकायदा. एक कलम गेलं म्हणून भीती जात नाही. नेल्सन मंडेला ११ फेब्रुवारी १९९० रोजी तुरुंगातून सुटले, त्यानंतर नऊ दिवसांनी हा मुलगा सहा वर्षांचा झाला. त्याचं आठवणीतलं पहिलंवहिलं बालपण सगळं त्याच्या आधीचं.

रस्त्यात पोलीस दिसले की आई त्याचा हात सोडून देते. लोक त्यावर हसतात कसे?

हा प्रसंग त्याने अनेकदा केला आहे. आई-बाप आणि लेकरू असं तिघांनी एकत्र चालायची सोय नाही. म्हणून बाप रस्त्याच्या पलीकडच्या कडेने चालतो आणि लांबून हात हलवतो. आई मुलाचा हात धरून चालते, पण समोरून पोलीस आले की हात सोडते आणि असा चेहरा करते, की हे कुणाचं पोर इथे आलं बाई! आणि ट्रेव्हर म्हणतो, आपली अवस्था गांजाच्या पुडीसारखी होती. धाड पडली की जो तो पुडी टाकून ‘माझी नव्हे’ म्हणतो, तसं.

बघा, मुद्देमाल हा शब्द मी वर वापरला तो उगीच नाही. कायद्याने मुलाला जे ठरवलं होतं, तेच तो विनोदात अक्षरशः करून दाखवतो. हशा येतो तो आईवर नाही. मूल ही बाळगायला मनाई असलेली वस्तू आहे असं मानणारी व्यवस्था त्या एका उपमेत उघडी पडते. मी हा प्रसंग दाखवते तेव्हा पहिल्यांदा सगळे हसतात. मग मी आवाज बंद करून नुसते हावभाव बघायला सांगते. दुसऱ्यांदा खोलीत कुणी हसत नाही. त्या शांततेत आम्ही पुढचा तास घालवतो.

आत्मकथनात याहून कठीण प्रसंग आहे. जोहान्सबर्गच्या मध्यवस्तीत जूबर्ट पार्क नावाची बाग आहे. तिथे आई याला घेऊन जायची. एकदा बापही थोडं अंतर राखून सोबत आला, आणि या लहानग्याने ‘डॅडी, डॅडी’ करत त्याच्यामागे धाव घेतली. लोक वळून बघायला लागले. बाप घाबरला आणि पळत सुटला. पोराला वाटलं, हा शिवाशिवीचा खेळ आहे, म्हणून ते आणखी जोरात धावलं.

बापाने पोरापासून पळावं, हे निष्ठुरपणाचं नाही का?

माझ्या मते नाही. तो थांबला असता तर आईला पकडलं असतं. त्या बागेत प्रेम करण्याचा एकच सुरक्षित मार्ग होता, अंतर राखणं. पण पोराच्या मनात ते कुठे शिरणार? त्याला फक्त पाठ दिसते. ही गोष्ट सांगताना ट्रेव्हर बापाला दोष देत नाही आणि माफही करत नाही, खेळ म्हणूनच सांगतो. मोठं झाल्यावरची समजूत त्याने त्या लहानग्या पोराच्या डोक्यात घातलेली नाही, याचं मला सगळ्यात जास्त कौतुक आहे.

सोवेटो म्हणजे काय? तिथल्या आजीचं घर एवढं महत्त्वाचं का?

सोवेटो हे ‘साऊथ वेस्टर्न टाउनशिप्स’ या शब्दांचं आखूड रूप. जोहान्सबर्गला कामगार तर हवे होते, पण रात्री ते शहरात नको होते. म्हणून नैऋत्येला वसवलेल्या काळ्या वस्त्या. तिथल्या ऑर्लँडो ईस्ट भागात आजीचं घर, म्हणजे याचं आजोळ.

आजोळ म्हटलं की आपल्याला हुंदडणं आठवतं. याला फाटकाबाहेर जायला बंदी. वस्तीत खबरे असत, त्यांना ‘इम्पिम्पी’ म्हणत. एवढ्या उजळ रंगाचं पोर कुणी बघितलं आणि खबर दिली, तर पोर सरकार घेऊन जाणार आणि घरच्यांच्या मागे पोलीस लागणार. त्यामुळे मावसभावंडं रस्त्यावर आणि हा घरात. एकदा त्याने फाटकाखालची माती उकरून भोक पाडलं आणि बाहेर पळाला, तेव्हा घरादाराच्या काळजाचं पाणी पाणी झालं.

पण याच घरात सगळ्यात गोड विनोदही आहेत. आजी बाकीच्या नातवंडांना चोप द्यायची, याला मात्र हात लावायची नाही. तिचं म्हणणं, काळ्या पोराला मारलं तर ते काळंच राहतं, हा निळा होतो, हिरवा होतो, पिवळा होतो, लाल होतो, असलं मला नाही जमायचं! आजोबा याहून वरचढ. ते नातवाला ‘मास्टा’ म्हणजे मालक म्हणायचे आणि गाडीत मागच्या सीटवर बसवायचे, स्वतः पुढे शोफरसारखे. पोरही काही न बोलता मागे बसायचं. आजोबा चेष्टा करत होते की आयुष्यभराची सवय बोलत होती, हे मुलाला तेव्हा कळत नव्हतं. मलाही अजून नक्की सांगता येत नाही, आणि म्हणूनच तो प्रसंग मनातून जात नाही. आजी फ्रान्सेस नोआ २०२२ मध्ये वारल्या, वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी.

‘कलर्ड’ म्हणजे काळा नव्हे का?

नव्हे. अमेरिकेत हा शब्द काळ्यांसाठी अपमानास्पद मानला जातो, दक्षिण आफ्रिकेत तो एका वेगळ्या समाजाचं नाव आहे. १९५० च्या नोंदणी कायद्याने माणसांची खाती पाडली: गोरे, काळे आणि कलर्ड. भारतीय वंशाचं खातं पुढे जोडलं गेलं. कलर्ड समाज शेकडो वर्षं जुना आहे. मूळचे खोईखोई आणि सान लोक, डच वसाहतवाले, आणि इंडोनेशिया, मादागास्कर, मोझांबिक, शिवाय आपल्या भारताच्या किनाऱ्यांवरूनही नेलेले गुलाम यांच्या मिश्रणातून तो तयार झाला. त्यांच्यात बहुतेकांची मातृभाषा आफ्रिकान्स, म्हणजे डचमधून तिथेच तयार झालेली भाषा.

आता गंमत म्हणजे खात्याची रेघ कुठे ओढायची हे अधिकाऱ्यांनाच कळत नसे. त्यावर उपाय म्हणून पेन्सिलची परीक्षा निघाली. केसांत पेन्सिल खोचायची, ती खाली पडली तर गोरा, अडकली तर नाही. पेन्सिल कुठे थांबते यावर माणसाची शाळा, घर आणि लग्न ठरायचं. एकाच घरातल्या सख्ख्या भावंडांची वेगवेगळ्या खात्यांत नोंद झाल्याची उदाहरणं आहेत.

ट्रेव्हरचा पेच निराळाच. रंगावरून तो कलर्ड दिसतो, पण त्या समाजाची भाषा, चालीरीती, नातेवाईक यातलं त्याचं काही नाही. घरात सगळे खोसा. काळ्या मुलांना तो गोरा वाटतो, कलर्ड मुलांना तो आपल्यातला वाटत नाही, गोऱ्यांचा तर प्रश्नच नाही. ‘डेवॉकर’ हा शब्द पिशाच्चांच्या कथांमधला आहे, अर्धा माणूस आणि अर्धा पिशाच्च, म्हणून उजेडात फिरू शकणारा. ज्या मुलाला दिवसाढवळ्या फाटकाबाहेर पडता येत नव्हतं, त्याच्या पहिल्या प्रयोगाचं नाव ‘दिवसा फिरणारा’ असावं, हे मला फार लागतं.

भारतीय खात्यात कोण होते? मराठी माणसं होती का?

बरेचसे नाताळ नावाच्या तिथल्या प्रांतात उसाच्या मळ्यांवर करारावर नेलेले तमिळ, तेलुगू आणि भोजपुरी बोलणारे, आणि त्यांच्या मागून गेलेले गुजराती व्यापारी. आपल्याकडचा धागा आहे तो केपटाउनचा. तिथे रत्नागिरीकडून गेलेल्या कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे, आणि घरात कोकणी बोलणारी म्हातारी माणसं तिथे पिढ्यान्‌पिढ्या होती. त्यांनाही राहण्याच्या जागेचा तोच कायदा लागू होता.

तो मध्येच जिभेने टक-टक आवाज काढतो, ते काय आहे?

ती खोसा भाषा, त्याच्या आईची आणि नेल्सन मंडेलांची. खोसामध्ये जिभेचे टिचके ही व्यंजनं आहेत. हे आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. एखाद्याबद्दल हळहळताना आपण ‘च्‌ च्‌’ करतो ना, जीभ दातांमागून ओढून? खोसात तो आवाज म्हणजे एक अक्षर. टांगेवाला घोड्याला हाकताना गालाच्या बाजूने जो आवाज काढतो, ते दुसरं अक्षर, आणि ‘खोसा’ या नावाच्या सुरुवातीला खरं तर तोच आहे. बाटलीचं बूच निघाल्यासारखा तिसरा. आवाज आपल्या तोंडातही आहेत, आपण ते शब्दांत घेतले नाहीत इतकंच. माझ्याकडची मुलं हे शिकायला अर्धा तास घेतात आणि नंतर आठवडाभर घरच्यांचं डोकं खातात.

ट्रेव्हर खोसाशिवाय झुलू, सोथो, त्स्वाना, त्सोंगा, आफ्रिकान्स आणि इंग्रजी बोलतो, थोडी जर्मनही. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या संविधानाने ११ भाषांना राजभाषा मानलं आणि २०२३ मध्ये सांकेतिक भाषा बारावी झाली. तिथल्या विनोदाचं अर्धं बळ या भाषांच्या अदलाबदलीत आहे.

आणि त्याच्या आयुष्याचंही. आत्मकथनात तो एक प्रसंग सांगतो. रस्त्याने जाताना मागून काही झुलू तरुण येत होते. या ‘गोऱ्या’ला लुटू या, असं त्यांचं झुलूत चाललेलं. हा वळला आणि अस्खलित झुलूत म्हणाला, आपण सगळे मिळूनच कुणाला तरी लुटू या का? ते ओशाळले, माफी मागून निघून गेले. कातडीने जो परका ठरला, तो जिभेने आपला झाला. त्याच्या प्रयोगांत सगळी पात्रं वेगवेगळ्या उच्चारांतून उभी राहतात. ती मला नकला वाटत नाहीत. लहानपणी जीव वाचवायला शिकलेली ती विद्या आहे.

इतक्या क्रूर गोष्टींवर विनोद करणं बरोबर आहे का?

हा प्रश्न बहुतेक वेळा कुणाची तरी आई विचारते, आणि मी त्यावर उत्तरादाखल ट्रेव्हरच्याच आईची गोष्ट सांगते.

२००९ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी ‘द डेवॉकर’ झाला त्याच वर्षी, तिच्या माजी नवऱ्याने, ट्रेव्हरच्या सावत्र वडिलांनी, तिच्यावर गोळ्या झाडल्या. एक गोळी डोक्यात मागून शिरून नाकाजवळून बाहेर पडली. मेंदूला धक्का न लागता ती वाचली. हॉस्पिटलात मुलगा ढसाढसा रडत होता. तिने त्याला सांगितलं, यातलं चांगलं बघ, आता घरात सगळ्यात देखणा तूच! आणि दोघं रडता रडता हसायला लागले. ज्याने गोळ्या घातल्या तो खुनाच्या प्रयत्नाबद्दल दोषी ठरला, पण त्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली नाही.

तर विनोद ट्रेव्हरने शोधून काढलेला नाही, तो त्याला माहेरून, म्हणजे आईकडून, मिळाला आहे. या घरात हसणं म्हणजे विसरणं नव्हतं. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने आपल्या अन्यायाची गोष्ट कशी सांगायची, हे आपण बाहेरून ठरवू नये, असं मला अगदी मनापासून वाटतं. आपल्या सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनीही भटजी-सावकारांची सोंगं उभी करून गावोगाव लोकांना हसवलं, आणि ते हसत असतानाच त्यांना विचार करायला लावलं. हसताना माणूस बेसावध असतो. त्या बेसावधपणात जे आत जातं ते सहसा निघत नाही.

अडचण होते ती बघणाऱ्याची. काही जण नुसतं ‘किती प्रेरणादायी!’ म्हणून उठतात. त्यांना मी परत खाली बसवते.

सगळं खरंच असं घडलं का?

कायदे, तारखा, वस्त्या, गोळीबार या गोष्टी नोंदलेल्या आहेत. घरातले प्रसंग त्याच्या आणि त्याच्या आईच्या आठवणीतले. रंगमंचावर प्रसंगाची लांबी कापली जाते, उपमा येतात, हशाच्या जागा बांधल्या जातात. पोलीस दिसल्यावर हात सोडणं खरं, गांजाची पुडी ही कारागिरी. एकपात्री करणाऱ्याने या दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिकलं पाहिजे.

याला एकपात्री म्हणायचं की स्टँड-अप?

आपल्या मनात एकपात्री म्हटलं की लक्ष्मण देशपांडे उभे राहतात. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ मधली बावन्न पात्रं एकट्याने करणारा माणूस. तिथे नट स्वतः नाहीसा होतो आणि वऱ्हाड दिसायला लागतं. स्टँड-अपवाला उलट स्वतःच्या नावाने उभा राहतो, ‘मी’ सोडत नाही.

ट्रेव्हर दोन्हींच्या मधोमध आहे. हातात माईक, मागे नेपथ्य नाही, स्वतःच्या नावाने बोलतोय. पण आजी आली की आवाज, मान, पापण्या सगळं आजीचं. आणि तो ‘आजी म्हणाली’ असं सांगत बसत नाही, वाक्य थेट आजीच्याच तोंडून येतं. आमच्याकडे नवीन मुलं नेमकी इथेच अडखळतात. ‘मग बाबा मला म्हणाले की’ असं म्हटलं की प्रसंग गेला. बाबा व्हा, बोला, आणि परत या. परत येताना श्वास कुठे घ्यायचा ते त्याचे प्रयोग बघून शिका.

शाळकरी मुलांना दाखवावं का?

प्रयोगांत शिव्या आहेत, शरीराबद्दलचे विनोद आहेत. मी नववी-दहावीच्या आधी दाखवत नाही, आणि दाखवताना निवडक प्रसंगच. त्याच वयासाठी आत्मकथनाची पहिली प्रकरणं जास्त चांगली. इंग्रजी समजत असेल तर त्याच्याच आवाजातलं ध्वनिपुस्तक ऐका, कारण सगळे उच्चार तिथे जिवंत होतात.

तो भारतात आला होता का?

हो, सप्टेंबर २०२३ मध्ये. दिल्लीत प्रयोग झाले. बंगळुरूचे प्रयोग आवाजाची व्यवस्था बिघडल्यामुळे रद्द करावे लागले. त्यानंतर मुंबईत वरळीला झाले.

अशा प्रकारचं आणखी काही बघायचं असेल तर?

पीटर-डर्क ऊस. जन्म १९४५, केपटाउन. वर्णद्वेषी राजवटीच्या भर काळात या गोऱ्या माणसाने ‘एव्हिटा बेझौदनहाउट’ नावाची गोरी, मिरवणारी बाई रंगमंचावर उभी केली आणि सत्ताधाऱ्यांच्या तोंडावर त्यांचीच टर उडवली. उतारवयात मात्र त्याने बाईचा पोशाख उतरवला आणि ‘द एको ऑफ अ नॉइज’ या प्रयोगात काळी टोपी घालून स्टुलावर बसून आपलं बालपण सांगितलं. कडक आफ्रिकानर (आफ्रिकान्स बोलणारा गोरा) बाप, पियानो वाजवणारी बर्लिनची आई, आणि घरकाम करणारी सॅनी, जिने त्याला दुसरी आई होऊन वाढवलं. आई ज्यू होती हे त्याला तिच्या मृत्यूनंतर कळलं. ट्रेव्हरसारख्या घरांत मूल लपवावं लागलं, या घरात आईनेच स्वतःला लपवलं होतं. दोन्ही प्रयोग एकापाठोपाठ बघितले तर त्या देशातलं बालपण दोन बाजूंनी दिसतं.

आणि जोहान्सबर्गच्या मार्केट थिएटरबद्दल वाचा. १९७६ मध्ये सुरू झालेलं हे नाट्यगृह. काळे-गोरे नट एकत्र काम करत आणि प्रेक्षक एकत्र बसत, तेही असं एकत्र येणं सरकारला खपत नव्हतं त्या काळात. इमारत कुठली, तर १९१३ ची जुनी इंडियन फ्रूट मार्केट, भारतीयांची फळबाजाराची. जिथे केळी-आंब्यांचे ढीग लागायचे, तिथे पुढे नाटकं झाली.

मी माझ्या बालपणावर एकपात्री लिहितोय. यातून काय घेऊ?

विषय घेऊ नका. त्याच्यासारखं दुःख आपल्याकडे नाही म्हणून खंतावणारी मुलं मी बघितली आहेत. तसं काही नसतं. एका मुलीने आमच्याकडे आईच्या शिवणयंत्रावर वीस मिनिटांचा प्रयोग केला होता. वडिलांचा पगार थकला की यंत्राचा आवाज रात्री उशिरापर्यंत यायचा, आणि अंथरुणात पडल्या पडल्या ती पोर आवाजावरून महिना कसा चाललाय ते ओळखायची. रंगमंचावर यंत्र नव्हतंच, तिने फक्त पाय हलवला. लोक हसले, मग ऐकत राहिले.

ट्रेव्हरकडून घ्यायचं ते हे. मुलाच्या उंचीवरून बघा. बाप पळतोय हे मुलाला खेळ वाटला, तर खेळच लिहा, खाली भाष्य जोडू नका. घरातला प्रत्येक माणूस कसा बोलतो ते कानाने आठवा, कोकणातली आजी आणि सोलापूरचे काका एकाच मराठीत बोलायला लागले तर दोघंही खोटे होतात. आणि आईला नुसती सोशिक करू नका. पॅट्रिशिया दर रविवारी मुलाला तीन-तीन चर्चमध्ये फरफटत नेते. एकदा मिनीबसचा ड्रायव्हर अंगावर येतोय असं दिसल्यावर तिने नऊ वर्षांच्या पोराला चालत्या गाडीतून बाहेर ढकललं आणि त्याच्या तान्ह्या भावाला कवटाळून स्वतः उडी मारली. मग दोघं धूम पळाली. ती हट्टी आहे, मारकुटी आहे, देवभोळी आहे आणि विलक्षण विनोदी आहे. म्हणून तर ती खरी वाटते.

शेवटी वडिलांचं काय झालं?

हा प्रश्न दर वेळी सगळ्यात शेवटी येतो, आणि बहुधा दाराशी चपला घालताना कुणीतरी हळूच विचारतं.

लहानपणी ट्रेव्हर दर रविवारी वडिलांकडे जेवायला जायचा. पुढे वडील केपटाउनला गेले आणि बरीच वर्षं भेट झाली नाही. चोविशीत असताना, आईच्या आग्रहाखातर, त्याने त्यांना शोधून काढलं. मनात धाकधूक, की बाप आपल्याला विसरला असेल. वडील मुळात अबोल, स्वतःबद्दल एक अक्षर न काढणारे. त्यांनी जेवण मांडलं, लहानपणी मांडायचे अगदी तेच. जेवण झाल्यावर ते उठले, आतून एक मोठा अल्बम घेऊन आले आणि टेबलावर उघडून ठेवला. त्यात मुलाबद्दल छापून आलेलं सगळं होतं, अगदी सुरुवातीच्या छोट्या कात्रणांपासून, तारखेनुसार चिकटवलेलं.